माखलेले पाय

फार वर्षांमागे एका कड्याला मोठं पोळं लागलं होतं आणि त्याच्या पायथ्याशी एक म्हातारं जांभूळ उभं होतं. माश्या परागाने माखलेल्या पायांनी या फुलावरून त्या फुलावर लोळायच्या, त्यानेच फळ धरायचं. मग फांद्या जांभळांनी लवायच्या आणि पोपटांचा नुसता गलका उठायचा.

पुढे नवी राणीमाशी आली. तिने हुकूम सोडला, "परागाचं ओझं कशाला वाहता? फुलावरून फुलावर जाताना पाय झटका, नुसता रस आणा!" पोळं फुगत गेलं. जांभूळ मात्र दरसाल फुलायचं आणि रितंच राहायचं. पान सळसळलं तरी त्याला वाटायचं, आले वाटतं पोपट!

एके दिवशी राणी लवाजम्यासकट खाली उतरली. बुंध्याला मधाचा एक थेंब लावून म्हणाली, "आजोबा, आमच्या भरभराटीत हा तुमचा वाटा. आपलं पोळं कुणाला विसरत नाही!" माश्यांनी कौतुकाने पंख वाजवले.

जांभळाने थेंब हुंगला. त्याला आपल्याच फुलांचा वास होता.

"मध राहू दे गं, पोरी," ते म्हणालं. "पुढच्या बहराला तेवढी माखल्या पायांनी ये."