दाणे झकास होते

मुंग्यांनाही आता आठवत नाही, इतकी ही जुनी गोष्ट. शेताकडेचा पाट फुटला आणि तांबड्या मुंग्यांच्या वारुळात पाणी शिरू लागलं. जांभळीखालच्या डोंगळ्यांच्या राणीने निरोप पाठवला, "सगळे दाणे आमच्या कोठारात आणून ठेवा."

मुंग्या दाणे घेऊन पोचल्या. पण कोठाराच्या दारावरच्या डोंगळ्याने आपल्या मिशांनी त्यांना हुंगून पाहिलं आणि मान हलवली. "नाही."

दाणे मोठे असतील म्हणून मुंग्यांनी ते फोडले. पुन्हा "नाही." ओले असतील म्हणून उन्हात वाळवले. तरी "नाही." तिकडे पाणी चढतच होतं.

शेवटी तांबड्यांतली म्हातारी ठकूमावशी दाणा न घेताच त्या डोंगळ्यापाशी जाऊन बसली. "बाळा, दाणा कसा हवा तुला?"

"दाणे झकास आहेत, मावशी. पण तुमचा वास मला आतून कुणी कळवलेला नाही. अनोळखी वास आत सोडायचा नाही, एवढंच माझं काम."

"अरे, तुमच्या राणीने शब्द दिलाय!"

"तो दारापर्यंत आलेला नाही."

"मग सकाळीच सांगायचंस ना, गाढवा!"

डोंगळ्याने मिशा खाली घातल्या. "मी पुढे बोलेपर्यंत तुम्ही दाणे फोडायला पळालात."

मावशीला हसू आलं. तिने त्यालाच आत पिटाळलं. राणीचा होकार घेऊन तो आला आणि पाणी पोचायच्या आत शेवटचा दाणा कोठारात पडला.

पुढे तांबड्यांनी नवं वारूळ बांधलं. दारावर ठकूमावशी बसली. कुणी अनोळखी आलं की ती आधी म्हणायची, "ओझं खाली ठेव, बाळा. तुझ्या दाण्यात काही खोट नाही. थांब, मी आत विचारून येते."