केलीच समजा!

काय हो, माणसानं भरवसा ठेवावा कुणावर, गोड बोलणाऱ्यावर की मोजकं बोलणाऱ्यावर? इचलकरंजीच्या विमलकाकूंनी गोड बोलणाऱ्यावर ठेवला आणि स्वयंपाकघर नव्यानं करायचं काम कंत्राटदार दत्ताशेठला दिलं. नातवाचं बारसं आठ दिवसांवर आलं, तरी काकू आपल्या न्हाणीघरातून बादल्या वाहताहेत!

"शेठ, नळाला पाणी कधी?"

"आलंच समजा, काकू!"

"आणि ओट्याची फरशी?"

"बसलीच समजा!" असं म्हणत शेठनं 'काम पूर्ण झाले' असा कागद पुढं केला. "एवढी सही ठोका, म्हणजे शेवटचा हप्ता घेऊन मी मोकळा."

सही केली की हा गडी पुन्हा तोंड दाखवायचा नाही, हे काकूंनी ओळखलं. त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचला आणि हसतमुखानं परत दिला.

शेठनं तो उलटसुलट करून पाहिला. "काकू, सही कुठाय?"

"केलीच समजा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्लंबर दारात हजर. बारशाच्या घुगऱ्या नव्या ओट्यावरच शिजल्या.

तेव्हा मंडळी, एवढं ऐका: कामाचा हिशेब लिहायला बसाल तेव्हा झालं असेल तेवढंच इमानानं लिहा, समजायचं ते कागदाबाहेर ठेवा.