कुंभारणीचा जुना साचा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आज कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यातल्या एका गावात तळ्याचं पाणी मातीच्या नळांतून खालच्या आळीपर्यंत येई. नळ पणजोबांच्या वेळचे. एखादा फुटला, की गावची कुंभारीण त्याच मापाचा दुसरा घडवून देई.

त्यासाठी तिच्याकडे एक लाकडी साचा होता. जुनं ते सोनं म्हणतात. पण हे सोनं चिरा पडलेलं आणि भारी हट्टी होतं. माती लावण्याआधी त्याला तेल पाजावं लागे, सुतळीने आवळावं लागे. शेजारी तिची जाऊ लोखंडी साच्यावर रुंद, सुबक नळ भराभर काढी.

"जाऊबाई, त्या म्हाताऱ्याला आणखी किती दिवस तेल पाजणार?" ती हसून विचारी.

कुंभारणीला लाज वाटे. एकदा रागाच्या भरात तिने साचा भट्टीत टाकला आणि लोखंडी साचा आणला. तिला फार मोकळं वाटलं.

उन्हाळ्यात एक नळ फुटला. नव्या साच्यावरचा नळ झकास उतरला, पण जुन्या नळांच्या तोंडाशी त्याचं जमेना. मग तिने फुटक्या नळाच्या मापाने दुसरा लाकडी साचा तासून घेतला. त्यावरचा नळ भट्टीत आकसला आणि अरुंद निघाला.

भट्टीमागून भट्टी वाया जात होती. खालच्या आळीतल्या बायका भर उन्हात तळ्यावरून घागरी वाहत होत्या. कुणी तिला बोल लावला नाही, त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "पोरी, आमच्या दारात नळ होते, तोवर साचा तुझ्या एकटीचा नव्हता गं."

अखेर माती किती आकसते ते धरून तिने साचा थोडा जाड तासून घेतला, तेव्हा माप जमलं, पाणी आलं. पण कुंभारीण तेवढ्यावर थांबली नाही. जावेला सोबत घेऊन तिने जुन्या नळांच्या शेजारून रुंद नळ टाकायला घेतले. ते काम काही वर्षं चाललं. तोवर जुना नळ फुटला, की ती लाकडी साच्याला तेल पाजी, सुतळी आवळी. आता तिला लाज वाटत नसे.

नव्या नळांचं पाणी आळीच्या शेवटच्या दारी पोचलं, त्या दिवशी तिने तो साचा चुलीत घातला आणि त्या जाळावर भाकऱ्या भाजल्या. पहिली भाकरी म्हातारीला नेऊन दिली. या वेळी साचा जळाला, पण कुणाचंही पाणी तुटलं नाही.

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: जुनं काम चालू आहे तोवर त्याचं हत्यार मोडू नये.