काकांचा नट

सगळं काम आटोपलं आणि पिशवीच्या तळाशी एक नट उरला, तर तुम्ही काय कराल? खिशात टाकाल, की कुणाला सांगाल? आणि सांगून झाल्यावर पुढे काय?

फार पूर्वी, ओढ्याकाठच्या एका गावात असाच एक नट उरला होता.

त्या गावात एक मोठा आकाशपाळणा होता. तो ओढ्याच्या पाण्यावर फिरायचा. पाण्यासमोरची फळी वर उचलली की चाक हलायचं, फळी खाली टाकली की थांबायचं. पावसाळ्यात ओढा खवळायचा, म्हणून पाळणा सुटा करून कोठीत ठेवत आणि जत्रेआधी पुन्हा जोडत. हे काम एक म्हातारे मिस्त्री शिकवायचे. सगळे त्यांना काका म्हणत.

काकांची एक रीत होती. जोडणीच्या दिवशी नट-बोल्टांच्या पिशवीत ते गुपचूप एक नवा नट जास्तीचा टाकायचे. मग पाळणा जोडून झाला की एक नट उरायचाच. शिकणाऱ्याने तो आणून दाखवला, तर तो पास. लपवला, तर काका त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे आणि वर्षभर कोठी झाडायला लावायचे. "जो चूक लपवतो, त्याच्या हाती लोकांची पोरं द्यायची नाहीत," असं ते म्हणायचे.

रीत चांगली होती. पण हळूहळू ती सगळ्यांना ठाऊक झाली. नट उरला की शिष्य हसत हसत यायचे, "काका, हा घ्या तुमचा नट!" आणि काका शाबासकी म्हणून शेंगदाण्याचा लाडू द्यायचे.

त्या वर्षी काकांकडे दोन शिष्य होते. थोरला शिष्य हाताने चपळ आणि बोलायला गमत्या. धाकट्या शिष्येला प्रश्न फार पडायचे. बोल्ट आवळता आवळता ती मध्येच थांबायची आणि हा इथेच का, तिथे का नाही, असं विचारत बसायची. त्यामुळे तिचं काम मागे पडायचं. जत्रेच्या दिवशी काका दोघांपैकी एकाला पाळण्याचा राखणदार नेमणार होते, आणि गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने थोरल्याचंच नाव घेतलं असतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी पाळणा जोडून झाला. झालरी बांधल्या, घंट्या लावल्या. खालच्या पाळण्यांत मुलं चढून बसलीसुद्धा. थोरल्याने पिशवी झटकली आणि एक नट टणकन खाली पडला.

"काका, तुमचा नट!"

"शाबास! घे लाडू," काका म्हणाले. "आणि जा, फळी उचल."

धाकटीने नट उचलून बघितला. बोट आत घालून फिरवलं. बोट काळं झालं.

"काका, तुम्ही पिशवीत टाकता तो नट कसा असतो हो?"

"नवा कोरा. लोहाराकडून घडवून आणतो."

"मग याच्या आट्यांत जुनं वंगण कसं?"

थोरला हसला. "झालं हिचं सुरू! उद्या विचारशील, चंद्राला वंगण कोण घालतं? अगं, काकांचा नवा नट आपल्या हातून चाकाला लागला असेल आणि त्याच्या जागचा जुना उरला असेल. एक जास्तीचा होता, एक उरला. फिटलं!"

हे बोलणं धाकटीला पटलं. खरंच पटलं. ती दोन पावलं बाजूलाही झाली. पण तेवढ्यात तिला आणखी एक प्रश्न पडला.

"दादा, असं असेल तर तो नवा नट चाकावर कुठेतरी असणार ना? बाकीचे सगळे काळे. तो ऊन लागलं की चमकेल. आपण बघू या?"

रांगेतली एक बाई कंटाळून ओरडली, "अहो मिस्त्री, फळी उचला की! पोरं सकाळपासून इथे उभी आहेत. ऊन उतरल्यावर फिरवणार का?"

काकांनाही घाई झाली होती. ते म्हणाले, "हे बघ, पोरी, उगाच खोळंबा केलास तर तुला राखणदार करता यायचं नाही मला. गाव ऐकणार नाही."

धाकटीचा चेहरा पडला. तिने खालच्या पाळण्याकडे पाहिलं. एक छोटी मुलगी दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि पाळणा कधी हलतो म्हणून डोळे विस्फारून वर बघत होती.

"नका करू, काका," धाकटी म्हणाली. "पण चमकणारा नट सापडेपर्यंत फळीला हात लावू नका."

आता काकांनाही बघावंसं वाटलं. त्यांनी कपाळावर हात धरून वर नजर लावली. थोरला चाकाच्या पलीकडे गेला. रांगेतली मुलंही माना वर करून शोधू लागली. "तो चमकतोय!" कुणी ओरडलं, पण ती घंटा निघाली. नवा नट कुठेच दिसेना.

"टाकला तर होता मी," काका पुटपुटले. "सकाळी चष्मा शोधत होतो, तेव्हा हातात होता..." बोलता बोलता त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर, सुपारीच्या तुकड्यांत, एक नवा कोरा नट चमकत होता.

थोरल्याने लाडू खाली ठेवला.

"मुलांना उतरवा," काका म्हणाले.

मग तिघांनी मिळून एकेक झालर सोडली, एकेक बोल्ट हाताने चाचपला. मुलं पाय आपटत घरी गेली. मोठी माणसं बडबडत गेली. ऊन उतरलं तेव्हा ती जागा सापडली. वरच्या एका पाळण्याचा बोल्ट झालरीखाली नुसताच अडकवलेला होता, त्याला नट नव्हता. धाकटीने बोट लावलं, तसा तो सरकला.

थोरल्याने तो सुटा बोल्ट हातात धरला. "हा मीच बसवला होता. झालर बांधायची घाई होती मला."

"चूक माझी मोठी आहे," काका म्हणाले. "नट परत आणून द्यायला मी तुम्हाला शिकवलं. तो कुठून आला, हे विचारायला शिकवलंच नाही. आणि आज मी स्वतःही विचारलं नाही." त्यांनी आपला पाना धाकटीच्या हातात दिला.

थोरल्याने जुना नट जागेवर बसवला, दोनदा आवळला आणि धाकटीकडून पुन्हा तपासून घेतला. मग हळूच म्हणाला, "ते चंद्राच्या वंगणाचं कळलं की मलाही सांग हं."

तात्पर्य काय, तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं वाटतं, तेव्हाच एकदा नीट विचारून बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने फळी उचलली, रिकामा पाळणा आधी एक फेरी फिरला, आणि मग ती छोटी मुलगी त्यात बसली.