डोळ्यांतलं पाणी आणि तीन शास्त्रं

“...म्हणजे वस्तू एकच. पण न्यायशास्त्र तिच्याकडे बघून एक सांगतं, वैद्यक दुसरं, आणि साहित्यशास्त्र तिसरंच. मग खरं कुणाचं धरायचं, बुवा?”

त्रिविक्रमानं हा प्रश्न स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहूनच विचारला. पायांवरची धूळसुद्धा त्यानं अजून धुतली नव्हती.

विरूपाक्षबुवा चुलीपुढे उकिडवे बसले होते. हातात फुंकणी होती. ते फुंकत होते, थांबत होते, पुन्हा फुंकत होते. लाकडं ओली होती. जाळापेक्षा धूरच जास्त होता.

कृष्णाकाठच्या या लहानशा मठात त्रिविक्रम वाढला होता. बुवांनी त्याला अक्षरओळख करून दिली, मठाचा आचारी सोनाप्पानं खाऊपिऊ घातलं. मिसरूड फुटलं तसं पोराला वाटू लागलं, इथलं शिकून संपलं. तो बाहेर पडला. या गुरूकडून त्या गुरूकडे हिंडत त्यानं तीन शास्त्रं पचवली. वादसभांत भल्याभल्यांना गप्प केलं, शाली मिळवल्या. आता संस्थानच्या पाठशाळेतली मुख्य गुरुजींची जागा चालून आली होती. अट एवढीच, की यापुढे एकच शास्त्र शिकवायचं, आणि तेच सगळ्यांत श्रेष्ठ हे भरसभेत सिद्ध करून दाखवायचं.

कोणतं, ते त्यानं मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं. बुवांनी मान डोलावली की झालं.

“वस्तू कोणती?” बुवांनी विचारलं.

“कोणतीही घ्या.”

“कोणतीही नको. एक सांग.”

त्रिविक्रमानं इकडेतिकडे पाहिलं. परात, पाटा, पाण्याची घागर... मग त्याची नजर बुवांच्या चेहऱ्यावर आली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पांढऱ्या दाढीत मुरत होतं.

तो हसला. “हेच घ्या की. तुमच्या डोळ्यांतलं पाणी.”

“बरं.” बुवांनी फुंकणी खाली ठेवली. “सांग.”

त्रिविक्रमानं उपरणं सावरलं. सभेत उभं राहावं तसा तो उभा राहिला.

“न्यायशास्त्र आधी कारण शोधतं. इथं लाकूड ओलं आहे, म्हणून धूर आहे. धूर डोळ्यांत जातो आहे, म्हणून पाणी. धूर हटवला की पाणी थांबेल. नाही थांबलं तर माझं अनुमान चुकलं.”

“हं.”

“वैद्य म्हणेल, धूर सगळ्यांनाच लागतो, पण एवढं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांतून येत नाही. वय झालं, वात वाढला, डोळे दुबळे झाले. त्रिफळ्याच्या पाण्यानं रोज डोळे धुवा म्हणून सांगेल.”

“सोनाप्पाही तेच सांगायचा. आणि तिसरं?”

“तिसरं साहित्यशास्त्र.” त्रिविक्रमाचा आवाज जरा चढला. हेच शास्त्र त्यानं मनात ठरवलं होतं. “धूर आणि वात यांच्यापाशी ते थांबत नाही. ते विचारतं, या पाण्यामागे भाव कोणता? शोक असेल तर तो कुणासाठी? ज्याच्यासाठी शोक करायचा, असं कुणीतरी समोर हवं. त्याच्याशिवाय शोक उभाच राहत नाही.”

“मग? काय दिसतं तुझ्या साहित्यशास्त्राला?”

त्रिविक्रमानं पुन्हा चौफेर नजर फिरवली. स्वयंपाकघर रिकामं होतं. मागच्या दाराला कडी होती. कोपऱ्यातल्या पाटावर कुणी बसलेलं नव्हतं.

“शोक नाही,” तो ठामपणे म्हणाला. “इथं तर कुणीच नाही.”

बुवा त्याच्याकडे बघत राहिले.

“हो,” ते म्हणाले. “कुणीच नाही.”

...

चुलीतलं एक लाकूड तडतडलं. त्रिविक्रमानं चुलीकडे पाहिलं. आत आल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं होत होतं, ते आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं. या चुलीपुढे बुवांना बसलेलं त्यानं आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

“बुवा... सोनाप्पा कुठाय?”

“नदीवर. पोचवायला गेलेत त्याला. मला आता घाट उतरवत नाही.”

“कधी?”

“पहाटे. झोपेतच. पाणी तापवायला उठला नाही, म्हणून मी हाक मारली.”

त्रिविक्रम उंबऱ्यातच खाली बसला.

बुवा उठले. भिंतीला धरत धरत त्यांनी तांदूळ धुतले, भांड्यात घालून पाणी ओतलं, भांडं चुलीवर ठेवलं आणि वर झाकण घातलं. “माणसं परततील. उपाशी असतील. या दारातून त्यानं कधी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही.” त्यांनी फुंकणी त्रिविक्रमापुढे धरली. “बस इथं. माझा दम पुरत नाही.”

तो चुलीपुढे बसला. फुंकू लागला. लहानपणी याच जागी सोनाप्पा त्याला बाजूला सारायचा, ‘भाजशील, सरक’ म्हणायचा, आणि भाताची खरवड तुपात कालवून त्याच्या हातावर ठेवायचा.

“तुझी खबर घ्यायचा,” मागून बुवा म्हणाले. “कुणी वाटसरू आला की आधी त्याला वाढायचा आणि मग विचारायचा, आमच्या विक्रमचं काही कळलं का? पहिल्यांदा कळलं, तू न्याय शिकतोयस. खूश झाला. म्हणाला, बरं झालं, पाटलाच्या वाड्यावर आता तरी खरं-खोटं होईल.”

त्रिविक्रमाला हसू फुटलं. “अहो, न्याय म्हणजे तो न्याय नव्हे...”

“मीही तेच सांगितलं. ऐकेना. पुढे कुणीतरी म्हणालं, तू अलंकार शिकतोयस. रात्री जेवला नाही. मला म्हणाला, बुवा, मठातलं पोर, आणि दागिने घडवणार? सोनारांनी मग काय करायचं?”

त्रिविक्रम खदखदून हसला. पोट धरून हसला. काव्यातल्या अलंकारांवर त्यानं केलेल्या भाष्याला सभेनं उभं राहून मान दिला होता. ते सोनाप्पानं ऐकलं असतं तर विचारलं असतं, पाटल्या केवढ्याला पडल्या?

“आणि वैद्यक?” हसता हसताच त्यानं विचारलं. “वैद्यकाला काय म्हणाला?”

“वैद्यकाला...” बुवा थांबले. “त्याला काही चुकीचं वाटलं नाही. गावचा वैद्य लेप द्यायला आला, तर घेईना. म्हणाला, राहू दे, आमचा विक्रम येईल तेव्हा बघेल माझे गुडघे.”

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून काहीतरी निसटलं.

त्यानं घाईघाईनं फुंकणी तोंडाला लावली. फुंकर नीट जाईना. धुराचा लोट उलटून अंगावर आला. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. पाणी थांबेना.



“धूर फार आहे, बुवा,” तो म्हणाला.

“असेल.”

खिडकीतून घाटावरची माणसं वर येताना दिसू लागली. ओल्या धोतरांतली, खाली मान घातलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

“बुवा, मी पाठशाळेत जाऊन काय सांगू?... कोणतं शास्त्र...”

बुवांचं लक्ष चुलीकडे होतं.

“भात उतू चाललाय, विक्रम. झाकण काढ.”