खालचं जुनं, वरचं नवं

एका गावात एक भोळा गडी होता, नाव म्हाळू. सांगितलेलं तो अगदी मनापासून ऐकायचा. सगळा घोळ त्यामुळेच व्हायचा. लग्नाची दोन स्थळं हातची गेली होती आणि तिसरं शनिवारी बघायचं होतं.

त्याच आठवड्यात शाळेत पृथ्वीच्या इतिहासावर तीन व्याख्यानं होती. आई म्हणाली, "जाऊन बस. शहाण्याचे चार शब्द कानावर पडू देत. ह्ये स्थळ गेलं तर जन्मभर बिनलग्नाचा ऱ्हाशील."

पहिल्या दिवशी देवस्थळी सर म्हणाले, "खडकांत खालचा थर जुना, वरचा नवा."

म्हाळू घरी आला आणि टोपलीतल्या तळच्या चार भाकरी त्याने म्हशीपुढे टाकल्या. "आई, लई जुन्या व्हत्या."

"मुडद्या, समद्या एकदमच थापल्यात! नुसतं वरनं बघून कळतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी सरही आईसारखंच म्हणाले. "दगड वरून ओबडधोबड दिसतो. फोडून बघा, आत स्फटिक चमकतात."

येताना म्हाळूने शेजारच्या गजराकाकूंचा रांजण फोडला. आत नुसतं पाणीच निघालं. काकू तासभर भांडून गेल्या.

आई म्हणाली, "कशाला हात लावू नगंस. गप बघत जा."

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आपले डोंगर लाव्हारसाचे. तो उतू गेला, पसरला, निवला. पुन्हा उतू गेला."

घरी चुलीवर दूध होतं. म्हाळू गप बघत बसला. दूध उतू गेलं, पसरलं. आई फडकं घेऊन धावली.

"थांब आई, निवू दे. डोंगर होतोय."

आईने कपाळावर हात मारला. "उद्या तिथं काय फोडू नगंस, बघत बी बसू नगंस. थोरल्या माणसाच्या पाया पड, पोरगी पसंत हाय म्हण. संपलं."

म्हाळू रात्रभर विचारात. थोरलं माणूस ओळखायचं कसं? मग त्याला सरांचा पहिला नियम आठवला. भाकरींचं ठीक आहे, त्या एकदमच थापल्या होत्या. माणसं काही कोणी एकदम थापत नाही.

शनिवारी मुलीकडे सगळे जमले. नव्वदीची आजी मानाने पलंगावर बसली होती. नवरी मुलगी खाली पाटावर, मान झुकवून. म्हाळूने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि मुलीपुढे साष्टांग लोटांगण घातलं.

"आज्जी, आशीर्वाद द्या."

मग उठला, पलंगाकडे बघून लाजला. आजी बोळकं पसरून हसली. म्हाळूचा चेहरा पडला. तो आईच्या कानाशी लागला, पण आवाज सगळ्या घराला ऐकू गेला.

"पोरगी पसंत हाय गं आई. पण लईच ल्हान हाय. अजून दात बी आलं न्हाईत."