खिंडीतली मडकी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

राज्याच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहायचा. तो बंदुका घडवायचा. त्याच्या बंदुकीचा नेम चुकत नसे, म्हणून डोंगरापलीकडच्या मुलखातूनही गिऱ्हाइकं यायची. त्याची एकुलती एक लेक त्याच मुलखात दिलेली होती. डोंगराकडे बघितलं की लोहाराला आधी लेक आठवायची, मग धंदा.

दोन मुलखांच्या मधे एक खिंड होती. खिंडीत जकातीचा नाका, आणि नाक्यावर एक म्हातारा नाकेदार. बंदूक पलीकडे न्यायची तर जकात भरावी लागे. मग नाकेदार एक कोरं मडकं पुढे ठेवी. घेणाऱ्यानं मडक्यात तोंड घालून सांगायचं, मी कोण आणि बंदूक कशाला नेतो. मडक्याला फडकं बांधून ते कपारीत ठेवायचं आणि तीन दिवस थांबायचं. बोलणारा खोटा असला तर मडकं तडके. खरा असला तर बंदूक पलीकडे जाऊ देत, पण मडकं तिथंच राही. पुढं कधी त्या बंदुकीनं निरपराध माणूस मेला, तर ते मडकं आपसूक बोलू लागे. ज्याचा आवाज, त्याचा गुन्हा. असा कायदा होता.

कपारीत अशी शेकडो मडकी होती. वारा पडलेला असला तरी ती हळू घुमायची. तिथून जाताना बैल कान पाडायचे.

लोहाराला हे सोसत नसे. "जकात घ्या, पण वर तीन दिवस कशाला?" तो नाकेदाराला म्हणे. "गिऱ्हाईक कंटाळून दुसऱ्या राज्यात जातं."

"मडक्याला घाई कळत नाही बाबा," नाकेदार म्हणे.

एकदा पलीकडचा एक मेंढपाळ आला. त्याच्या वाडीत बिबट्या शिरत होता. त्यानं जकात भरली, मडक्यात खरं तेच सांगितलं आणि तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी घरी पोचला, तेव्हा बिबट्यानं त्याची नात नेलेली होती. तो परत डोंगर उतरून आला आणि बंदूक लोहाराच्या दारात ठेवून म्हणाला, "आता ही तुलाच राहू दे."

लोहार त्या दिवशी जेवला नाही.

मग त्यानं एक युक्ती काढली. बंदुकीची नळी आरपार पोखरायचीच नाही. भरीव दांडा न्यायचा, पहार म्हणून. पहारीला जकात नव्हती, की तीन दिवस थांबणं नव्हतं. खिंडीपलीकडच्या ओढ्यावर त्यानं एक झोपडी बांधली. तिथं दांडा पोखरायचा, दस्ता बसवायचा, की झाली बंदूक.

पहिली बंदूक त्यानं अशीच एका गुराख्याला दिली. गुराख्याची गुरं वाचली. लोहाराला बरं वाटलं. मग दुसरा आला, तिसरा आला. पुढं पुढं घेणारा कोण, कुठला, हे विचारायचंही लोहारानं सोडून दिलं. एक माणूस तोंडावर उपरणं गुंडाळून आला. त्यानं एकदम पाच मागितल्या. लोहारानं विचारायला तोंड उघडलं, त्या माणसाचे न हलणारे डोळे बघितले, आणि तोंड मिटलं.

दर खेपेला नाकेदार विचारी, "काय नेतोस?"

"पहार."

"मग यात सांग." तो मडकं पुढं सरकवी.

"आता पहारीलाही मडकं का? उद्या विळ्याला ठेवाल." लोहार हसे, आणि हसत हसत मडक्यात म्हणे, "पहार आहे. असेल कुणाची तरी."

दांडा तेव्हा भरीवच असे. बोलणं खोटं नव्हतं. म्हणून मडकं तडकत नसे.

एक दिवस भर दुपारी खिंडीत धुकं उतरलं. लोहार खांद्यावर दांडा घेऊन वर चढला. आज मडकी घुमत नव्हती. नाक्यापाशी एक बाई बसली होती. जवळ गेल्यावर त्यानं ओळखलं. त्याची लेक होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या गावावर दरोडा पडला. हे दारात आडवे झाले. पाच बंदुका होत्या त्यांच्याकडं. मी विचारायला आले, कुणाच्या ते."

लोहाराच्या खांद्यावरचा दांडा खाली पडला.

नाकेदार कपारीत हात घालून चाचपत होता. "सगळी गप्प आहेत पोरी," तो म्हणाला. "हे एकच बोलतंय." त्यानं मडकं तिच्या हातात दिलं. तिनं फडकं सोडलं आणि कान लावला.

मडक्यातून कुणीतरी हसलं. मग म्हणालं, "असेल कुणाची तरी." पुन्हा हसलं. पुन्हा म्हणालं.

तिनं ते बराच वेळ ऐकलं. मग ती बापाकडं बघून हळूच म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही मला असंच हसून झोपवायचात."

तिनं मडकं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पलीकडच्या उताराला लागली. धुक्यात ती चार पावलांवर दिसेनाशी झाली. ती पुन्हा माहेरी आली नाही.

लोहारानं नाकेदारापुढं दोन्ही हात धरले. "बांधा," तो म्हणाला.

"मी कुणाला बांधत नाही," नाकेदार म्हणाला. "मी मडकी सांभाळतो. आता तूही सांभाळ."

लोहारानं ओढ्यावरची झोपडी जाळली. स्वतःच्या एका बंदुकीची जकात भरली, मडक्यात खरं सांगितलं आणि तीन दिवस दगडावर बसून राहिला. त्यानंतर बिबट्याला भ्यालेलं कुणी आलं, की तो म्हणे, "तू इथं थांब, तुझे तीन दिवस भर. तोवर तुझ्या वाडीवर राखणीला मी बसतो." आणि आपली बंदूक घेऊन तो डोंगर ओलांडून जाई. मरेपर्यंत त्यानं हेच केलं.

पण जाता येता तो खिंडीत आला, की एक मडकं हसायचं. अजूनही हसतं म्हणतात.

म्हणून बाळांनो, ध्यानात ठेवा: आपण घडवलेलं हत्यार कुणाच्या हातात जातं हे जो विचारत नाही, त्याच्याच नावानं ते हत्यार बोलतं.